आठ हातांची साखर

साखरेला आठ हात असतात, हे मला ताईने सांगितले. मी तेव्हा कारखान्यात नवा होतो आणि ती माझ्या कितीतरी आधीपासून तिथल्या प्रयोगशाळेत होती. चहाच्या सुट्टीत तिने टेबलावर चिमूटभर साखर सांडली, एक दाणा नखाच्या टोकावर उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"यातल्या एकेका रेणूला आठ हात आहेत," ती म्हणाली. "आठही मोकळे. म्हणून पाण्यात टाकली की पाण्याचे हात धरते आणि दिसेनाशी होते. आपण काय करतो, तर त्या हातांत दुसरं काहीतरी देतो."

"काय देतो?"

"ज्याच्या-त्याच्या विभागाप्रमाणे. आणि हातात काय दिलं यावर ती कोण होणार ते ठरतं. माणसासारखंच आहे रे. घाबरू नकोस, सोपं आहे."

मी घाबरलो नव्हतो. मला फक्त बोलता येत नव्हते. ताईला हा फरक कधी पटला नाही.

साखरेच्या हातात जे द्यायचे ते म्हणजे आम्ल, आणि त्यातून जे घडते त्याला एस्टर म्हणतात. मी ज्या विभागात होतो तिथे साखरेच्या एखाद-दुसऱ्या हातात तेलातून काढलेले, लांब शेपटीचे आम्ल दिले जाई. साखरेचे उरलेले हात पाण्यात राहत, शेपटी तेलात जाई, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे तेल आणि पाणी एका भांड्यात गुण्यागोविंदाने नांदू लागत. आमची पूड पावाच्या पिठात जाई, आइस्क्रीममध्ये जाई, चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये जाई. शेजारच्या विभागात तीच पूड पाण्यात कालवून फळांवर चढवत. तो थर इतका पातळ असे, की डोळ्यांना दिसत नसे, पण त्याने फळाचा श्वास मंदावे आणि ते आठवडेच्या आठवडे झाडावरून आत्ताच उतरवल्यासारखे दिसे. चाचणी संपलेली सफरचंदे आम्ही पिशव्या भरून घरी नेत असू.

इमारतीच्या अगदी टोकाला होती कडू खोली. तिथे साखरेच्या आठही हातांत व्हिनेगरमधले आम्ल दिले जाई. एकही हात मोकळा राहत नसे. गोड साखर आणि आंबट आम्ल यांच्यापासून होणारी ती पांढरीशुभ्र, सुयांसारख्या बारीक स्फटिकांची पूड भयंकर कडू असे. कोणी पिऊ नये म्हणून ती अत्तराच्या स्पिरिटमध्ये घालत. नखे कुरतडणाऱ्यांसाठी जो लेप मिळतो, त्यात घालत. आठही हात गुंतल्यामुळे ही साखर पाण्याला ओळख देईनाशी होई. साबणपाण्याने कितीही चोळा, ती बोटांच्या रेषांमध्ये बसून राही. फक्त स्पिरिटमध्ये विरघळे. म्हणून कडू खोलीच्या दाराशी नळावर पाटी होती: आधी स्पिरिट, मग साबण.

ताई कडू खोलीत होती.

त्या खोलीचे काही रिवाज होते. तिथल्या माणसांचा डबा वेगळ्या टेबलावर, आणि खायचे ते चमच्याने. त्यांच्याकडून कोणी पेन उसने घेत नसे, कारण पेन तोंडात धरायची सवय कोणाला असेल ते सांगता येत नाही. आणि पुडीचा प्रत्येक घाणा यंत्रांनी पास केला, तरी शेवटचा कौल जिभेचा. भरपूर पाण्यात पुसटसा अंश मिसळून त्याचा एक थेंब जिभेवर घ्यायचा, कडूपण ओळखायचे आणि थुंकून टाकायचे. ताईची जीभ सगळ्यांत तल्लख. इतरांना नुसते पाणी लागे तिथे ती तोंड वाकडे करी. पॅकिंगमधला एक जण दिवसभर बोलत असे, त्याला सगळे रेडिओ म्हणत. तो म्हणायचा, "बाई, तुमच्या नवऱ्याचं काय होत असेल हो? तुमच्या हातचा चहा प्यायचा म्हणजे औषध!"

"त्याची तब्येत बघितलीस ना?" ताई म्हणायची. "औषध लागू पडलंय."

ती हात मात्र कधी नीट धुवायची नाही. घरी मुलगी वाट बघत असायची. भोंगा वाजला की ताई एप्रन खांद्यावर टाकायची, नळाखाली हात कसेबसे ओले करायची आणि जिन्यावरून धावत सुटायची. तिच्या मागोमाग मी स्पिरिटच्या बाटलीपाशी थांबून एकेक बोट पुसत असे, नखांच्या कडा, तळव्याच्या रेषा, मनगट. माझ्या विभागात कडूचा संबंध नव्हता, तरी पुसत असे. ती एकदा जिन्यातून मागे वळून ओरडली, "इतके स्वच्छ हात घेऊन करणार काय रे?"

मी दुसऱ्या हाताची बोटे पुसायला घेतली. उत्तर तिलाही अपेक्षित नसावे.

घरात तिच्या हातच्या खाण्याची सगळ्यांनी धास्ती घेतली होती. तिने पावाला लोणी लावले, की लोणी कडू. फळ चिरले, की फळ कडू. आई म्हणायची, "देवाने हाताला चव दिली ती अशी! जा, स्वैपाकघरातून बाहेर हो." भाऊजी चष्म्याच्या दुकानात भिंगे घासत, स्वभावाने मितभाषी, पण बायकोची थट्टा करायला शब्द कमी पडत नसत. पहिला घास घेऊन ते गंभीरपणे म्हणत, "आज जरा कमी कडू आहे. बरं नाही का तुला?" आणि ताई त्यांच्या पाठीत धपाटा घाली.

तिच्या हातचे मुकाट्याने खाणारे घरात एकच माणूस होते. तिची मुलगी. ताई तिला मुंगी म्हणे, म्हणून आम्ही सगळेच म्हणत असू. खऱ्या मुंग्या कारखानाभर हिंडत, पण कडू खोलीचा उंबरा ओलांडत नसत. ही एक मुंगी मात्र आईच्या बोटांना चिकटलेली. ताई संध्याकाळी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून तिला फळाच्या फोडी भरवत असे. आपण ते दृश्य रोज पाहतो आहोत, हे आमच्या कोणाच्या लक्षात आले नाही. रोजच्या दृश्यांचे असेच असते. ती आपल्या समोरून जात असतात आणि आपण त्यांच्या आरपार बघत असतो.

ताई गेली ती तापाने. साधा ताप, मग न उतरणारा ताप, मग रुग्णालय, मग आम्ही तिच्याशिवाय जिना चढून घरी आलो. बस, इतकेच. यापलीकडे मला ते सांगता येत नाही.

एरवी रोज संध्याकाळी येऊन-जाऊन असणारे आई आणि मी मुंगीला सांभाळायला भाऊजींच्या घरी कायमचे राहायला आलो. कारखान्यात मी साहेबांना म्हणालो, की मला कडू खोलीत घ्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि कारण विचारले नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

माझ्या जुन्या विभागात एखादा घाणा बिघडला, की भांडे नुसते ठेवून दिले तरी हळूहळू तेल वर येई आणि पाणी खाली राही. दोघांत एक सरळ, स्वच्छ रेघ पडे. ताई गेल्यावर आमच्या घरात तशी रेघ पडली. आई भाऊजींशी माझ्यामार्फत बोलू लागली. भाऊजी जेवण आपल्या खोलीत नेऊ लागले. ताईने शेवटी आणलेल्या सफरचंदांपैकी एक त्यांनी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवले होते आणि त्याला कोणी हात लावायचा नव्हता. ते तिथे तसेच राहिले, लाल, तुकतुकीत, काळाचा स्पर्श न झालेले. फ्रिज उघडला की त्याच्याकडे नजर जाई आणि ताई स्वैपाकघरात आहे, आत्ता येईल, असे वाटून जाई. शेवटी एकदा आईने न विचारता ते चिरले. आत सगळे तपकिरी झाले होते, आणि दारूसारखा आंबूस वास घरभर पसरला. बाहेरून काही कळत नव्हते. थर जाड बसला, की फळ आतल्या आत गुदमरते. हे आमच्या कारखान्यातल्या कोणालाही ठाऊक असते. भाऊजींनी दोन्ही अर्धे भाग उचलले आणि बाहेर घेऊन गेले.

मुंगीने अंगठा चोखायला सुरुवात केली, ती याच दिवसांत. आधी झोपताना, मग दुपारभर, मग सतत. कातडी पांढरी पडली, नखाच्या कडेला चीर गेली, चिरेत पू झाला. डॉक्टरीणबाईंनी अंगठा दिव्याखाली धरून पाहिला आणि मुंगीला बाहेर बाकावर बसवून आम्हा तिघांना आत बोलावले.

"नखाच्या मुळापर्यंत पोचलंय," त्या म्हणाल्या. "तोंडातून काढलाच नाही, तर औषधं काय करणार? हाडाला लागलं तर टोक काढावं लागेल. मी घाबरवत नाहीये, सांगून ठेवतेय."

भाऊजी आपल्या हातांकडे बघत होते. भिंगे घासणाऱ्या माणसाला अंगठ्याचे टोक म्हणजे काय, हे कोणी सांगावे लागत नाही.

"नखाला लावायचा कडू लेप मिळतो बाजारात," बाई म्हणाल्या. "जखमेवर नको, नखावर लावा. बहुतेक मुलं लगेच सोडतात."

"तो आम्हीच बनवतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. त्या खोलीत मी उच्चारलेले हे एकच वाक्य, आणि ते उच्चारताना मला अभिमान वाटला.

कडू खोलीतल्या कपाटात तपकिरी बरणीत ताईच्या शेवटच्या घाण्याची थोडी पूड उरली होती. तीच मी घेतली. स्पिरिटमध्ये विरघळवली, चिकटून राहील असा पारदर्शक लेप केला, बारीक कुंचल्याच्या बाटलीत भरला. ताईच्या हातून झालेली वस्तू ताईच्या मुलीला वाचवील, असे मला वाटत होते. या विचाराने मी कितीतरी दिवसांनी नीट जेवलो.

"मुंगे, हे कडू आहे हं," मी तिला म्हणालो. "अंगठा तोंडात घातलास, की ईऽऽ होईल."

तिने मोठ्या माणसासारखा हात पुढे केला. मी नखावर कुंचला फिरवला. तिने वाळेपर्यंत वाट पाहिली आणि अंगठा तोंडात घातला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. भुवया किंचित वर गेल्या. डोळे विस्फारले, मग निवले. अंगठा तिने तोंडातून काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली घेऊन माझ्या बिछान्यापाशी उभी होती. "मामा, लाव."

"बघ, किती शहाणी आहे," आई म्हणाली. "स्वतःहून मागतेय."

मी लावला. ती रोज मागू लागली. मी रोज लावू लागलो. आणि अंगठा रोज अधिकच बिघडत गेला. नखावरचा लेप दुपारपर्यंत नाहीसा झालेला असे, जणू कोणी चाटूनपुसून नेला. मी लेप दाट केला. तोही राहिला नाही.

मग आईने मला जिन्यात गाठले. ती माझ्या कारखान्यातून येण्याच्या वेळेला दाराबाहेर येऊन थांबली होती, पदराशी चाळा करत.

"एक सांगू? हसू नकोस. ती दुपारी येते."

"कोण?"

आईने मान फिरवली. "मुंगी झोपली, की खुर्ची वाजते. वेताची. मी स्वैपाकघरात असते. आणि पोरगी झोपेत बोलते. परवा मी विचारलं, काय गं बोलत होतीस? तर म्हणाली, आई आली होती. कधी आली? म्हणाली, रोज येते. मामा लावतो ना, मग येते."

मी हसलो नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी दुपारी घरी थांबलो. खिडकीतून ऊन तिरपे येत होते आणि त्यात धूळ न पडता तरंगत होती. दारामागच्या खुंटीवर ताईचा एप्रन अजून तसाच होता. उन्हाने तापला, की त्यातून व्हिनेगरचा पुसट वास येई. मुंगी पलंगावर कुशीला वळली होती, तोंड खुर्चीकडे. अंगठा तोंडात. डोळे पूर्ण मिटले नव्हते. ती हळूहळू हसली, एखादे माणूस खोलीत शिरल्यावर हसावे तशी, आणि अंगठ्याभोवतीच म्हणाली, "धावत आलीस?"

वेत कुरकुरला. ऊन लागले की वेत कुरकुरतो, हे मला ठाऊक होते, आणि त्या ठाऊक असण्याचा मला काडीइतकाही उपयोग झाला नाही. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. ताई, मी मनात म्हणालो, तिला नेऊ नकोस. माझ्या बहिणीला, जिने आयुष्यात कोणाचे पेनसुद्धा परत द्यायचे राहू दिले नाही, तिला मी हे म्हणालो. इतका मी तिला घाबरलो होतो. इतकी ती मला हवी होती.

गोष्ट उलगडली ती पुढच्याच आठवड्यात, आणि तीही पावाच्या एका तुकड्यावरून.

मी घरी आलो तेव्हा आई स्वैपाकघरातून ओरडत होती. लेपाची बाटली मी आता उंच फळीवर ठेवत असे. मुंगीने स्टूल ओढून ती काढली होती. ती जमिनीवर बसली होती, पुढ्यात ताटली, ताटलीत पाव. पावाच्या कडेला कुंचला फिरवत होती, मन लावून, जणू लोणी लावते आहे. आणि खात होती.

"अगं विष आहे का काय ते! थुंक, आधी थुंक!" आईने तिच्या हातातून पाव हिसकावला.

"विष नाही, आई," मी म्हणालो. "थोडं पोटात गेलं तरी काही होत नाही. पण कडू आहे, जहर कडू. ती खाते कशी?"

"कडू? मग ही पोरगी मिटक्या मारत काय खाते?" आईला कधी कोणाच्या शब्दावर विसंबता येत नाही. तिने पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

तिचा चेहरा आक्रसला. मी पाणी आणायला वळलो. पण ती थुंकली नाही. ती ओट्याला धरून उभी राहिली, मग सावकाश खाली बसली, मुंगीच्या शेजारी, आणि चावत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती चावत होती.

"आई?"

"ही तिच्या हातची चव आहे," आई म्हणाली. "अरे, ही तिच्या हातची चव आहे."

मुंगीने तिच्याकडे पाहिले. इतक्या वेळाने कोणाला तरी समजले, असे त्या पाहण्यात होते. "आज्जी, तुलापण आली आई?"

मी दारातच उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर ती रोजची संध्याकाळ आली: खिडकी, वेताची खुर्ची, न धुतलेली बोटे, सफरचंदाच्या फोडी. ज्या दिवसापासून या मुलीला दात आले, त्या दिवसापासून तिने आईला कडूच ओळखले होते. जगाला जे तोंडातून थुंकून टाकावेसे वाटते, त्यावरून तिला जवळ कोणीतरी आहे हे कळत होते. ताई गेल्यावर ती अंगठ्यात ते शोधत होती. अंगठा नुसताच अंगठा निघत होता. आणि मी, कडू खोलीतला माणूस, ताईच्याच पुडीतून तिच्या नखावर रोज ताई लावत होतो, आणि अंगठा तोंडातून काढ म्हणून सांगत होतो.

साऱ्या जगात ही चूक फक्त आमच्या घराकडूनच होऊ शकली असती.

मी लेपाची बाटली कारखान्यात परत नेली. डॉक्टरीणबाईंनी दिलेले मलम लावून अंगठ्याला पट्टी बांधली. आता निदान घाव भरेल, असे म्हणालो. भाऊजींना आईने स्वतः, माझ्यामार्फत नव्हे, सगळे सांगितले. ते ऐकून घेऊन खिडकीशी गेले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

पण मुंगीने पट्टी दातांनी फाडली. अंगठा तोंडात घातला, काढला, पाहिला. पुन्हा घातला. दुसऱ्या हाताचा घालून पाहिला. मग माझ्याकडे आली. "मामा, लाव ना."

"संपलं गं."

"थोडं."

"नाही, मुंगे."

ती रडली नाही, तेच वाईट. ती अंगठा चावू लागली, मुळातून काही निघते का ते बघत असल्यासारखी. खुर्चीकडे तोंड करून झोपायची ती भिंतीकडे तोंड करून झोपू लागली. खुर्ची वाजेनाशी झाली. वाजतही असेल, आम्हाला ऐकू येईनासे झाले. घरातून दुसऱ्यांदा कोणी गेले होते, आणि या वेळी तिला मी घालवले होते. पट्टी आम्ही बांधत होतो आणि ती फाडत होती. बाई म्हणाल्या, "पुढच्या तपासणीत असंच दिसलं, तर मला शस्त्रक्रियेची तारीख द्यावी लागेल." भाऊजींनी विचारले, "भूल पूर्ण देतात का?" इतका वेळ त्यांनी मनात जे साठवले होते, त्यातून एवढा एकच प्रश्न बाहेर आला.

त्या दिवशी मी कडू खोलीत एक घाणा काढला. पूड गाळली, वाळवली, हातांनी बरणीत भरली. जिभेचा कौल दिला. ताईची जीभ मला नाही, पण कडूपण समजते तेवढे समजते. थेंब घेतला, ओळखला, थुंकलो. भोंगा वाजला.

नळापाशी आलो. स्पिरिटच्या बाटलीचे बूच काढले, कापूस घेतला. पाटी वाचली, रोजच्यासारखी. रेडिओ मागून येत म्हणाला, "काय साहेब, आज नळाशी लग्न लागलंय का? सरका."

मी सरकलो. कापूस तसाच कोरडा ठेवून दिला आणि जिना उतरलो.

रस्त्याने मी हात अंगापासून दूर धरून चाललो होतो, ओला रंग लागलेल्या माणसासारखा. मध्येच माझी चाल भरभर झाली आणि शेवटच्या वळणावर मी धावत आहे, हे माझ्या लक्षात आले. लहानपणापासून मी कुठेही धावत गेलो नव्हतो.

आई आणि भाऊजी दोघेही मुंगीपाशी होते. पट्टी पुन्हा सुटली होती. आईच्या हातात नवी पट्टी, भाऊजींच्या हातात कात्री, आणि मुंगीने अंगठा मुठीत मिटून घेतला होता. "बघ रे बाबा," आई म्हणाली, "हातच देत नाही."

मी ताटलीत सफरचंद घेतले. त्यावरचा थर मला दिसत नव्हता, पण तो असतो. चिरले. फोडी एकेक बोटांनी उचलून वेगळ्या केल्या. मग मी कधीही बसलो नव्हतो त्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसलो. ती वाजली.

मुंगीने मान वळवली.

मी फोड पुढे केली. आजवर मी कोणाला घास भरवलेला नव्हता, आणि हे काम इतके अवघड असेल असे वाटले नव्हते. तिने फोड तोंडात घेतली. दात थांबले. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. ती माझ्या बोटांकडे पाहत होती, पुष्कळ वेळ, ओळख पटते आहे की नाही अशी. मग ती पलंगावरून उतरली, खुर्चीपाशी आली आणि तोंड उघडले.

मी दुसरी फोड दिली. तिसरी दिली. ती चौथी चावत असताना मूठ आपोआप सुटली. आईने हळूच तो हात आपल्याकडे ओढला आणि अंगठ्याला पट्टी गुंडाळली. मुंगीने खाली पाहिलेसुद्धा नाही. भाऊजींनी पट्टीचे टोक कापले.

"मला दे एक," आई म्हणाली.

मी दिली. तिने ती तोंडात ठेवली आणि डोळे मिटले.

भाऊजी कात्री हातात धरून उभे होते. मी ताटली त्यांच्यापुढे केली, तर त्यांनी मान हलवली. ताटलीतले नको होते. मग मी एक फोड बोटांत उचलून पुढे केली आणि त्या मोठ्या, अबोल माणसाने वाकून ती माझ्या हातून खाल्ली. त्यांच्या जबड्याची हालचाल मंदावली. ते काहीतरी म्हणतील, असे वाटून आई आणि मी दोघेही थांबलो.

"आज," भाऊजी म्हणाले, आणि हातातली कात्री खाली ठेवली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "आज जरा जास्तच कडू आहे."

मुंगी खुदकन हसली. अंगठा पट्टीत गुंडाळलेला, तिच्या मांडीवर, विसरल्यासारखा पडून होता. खिडकीतले ऊन उतरत चालले होते. दारामागचा एप्रन हलला; वारा असेल. आमच्यापैकी कोणीच उठून पाहिले नाही.

"अजून एक," मुंगी म्हणाली.

ताटलीत शेवटची फोड उरली होती. मी ती तिला दिली. मग माझ्या रिकाम्या बोटांकडे पाहिले, आणि कोणाचे लक्ष नाही असे बघून ती ओठांना लावली. कारखान्यात आम्ही थेंब जिभेवर घेतो, ओळखतो आणि थुंकून टाकतो. मी ओळखले. आणि गिळून टाकले.